आमच्या घरातली पोलिसांची धून

आमच्या घरात टीव्ही आला तेव्हा दादींनी तीन अटी घातल्या. अजान सुरू झाली की टीव्ही बंद. गाणी लागली की टीव्ही बंद. आणि इशाची नमाज झाल्याशिवाय रात्रीचा टीव्ही लागणार नाही. अब्बांनी तिन्ही अटी मान्य केल्या, कारण टीव्ही हप्त्यावर आणलेला होता आणि दादी रागावल्या तर तो परत पाठवायला कमी करणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

तो ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटीतला टीव्ही होता, समोर सरकणाऱ्या दारांचा. आमचं गाव मुंबईपासून फार लांब नाही, खाडीच्या काठाला. कौलांवर उंच अँटेना उभी केली की मुंबई दूरदर्शन दिसायचं. वारा सुटला की मुंग्या यायच्या. मग आमच्यातला एकजण वर चढायचा, एक खिडकीत उभा राहायचा आणि एक आतून ओरडायचा, "आलं, आलं... गेलं!" आम्ही चार भावंडं. भाईजान सगळ्यांत मोठे, शेंडेफळ धाकटा, मध्ये आपा आणि आमच्यातला चौथा. टीव्हीच्या बाबतीत मात्र आम्ही चौघं मिळून एकच माणूस होतो, म्हणून इथे "आम्ही" असंच लिहितो आहोत.

दादींच्या दुसऱ्या अटीने आम्हाला एकदा पेचात टाकलं. "एक शून्य शून्य" ही पोलिसांची मराठी मालिका तेव्हा लागायची. ती सुरू होताना वाजायची ती धून. आता ही धून म्हणजे गाणं का? आपा म्हणाली, शब्द नाहीत, म्हणजे गाणं नाही. भाईजान म्हणाले, पेटी आणि ढोल तर वाजतातच. शेवटी दादींनाच विचारलं. दादींनी तसबी थांबवून पूर्ण धून ऐकली आणि निकाल दिला, "यात कोणी बाई गात नाही, इश्काची बात नाही. हे तर वर्दी देणं झालं. राहू दे."

वर्दी हा शब्द दादींनी सहज वापरला, पण तो अगदी बरोबर होता. तेव्हा कोणाकडे मालिकांचं वेळापत्रक तोंडपाठ नसायचं आणि गल्लीत टीव्ही मोजून तीन. धून खिडकीतून बाहेर गेली की ज्यांना यायचं ते यायचे. शेजारचे शिंपीचाचा मशीनवरचा कपडा तसाच दाबून यायचे. समोरच्या जोशीकाकू पोळ्यांची परात झाकून यायच्या आणि दाराजवळच बसायच्या, कारण गॅसवर काहीतरी ठेवलेलं असायचं. अम्मी स्वयंपाकघरातून ओढणीला हात पुशीत यायची. नावं वर सरकून जाईपर्यंत खोली भरायची. म्हणजे ती धून कोणी ऐकायला बसत नव्हतं. ती ऐकून बसायला येत होते.

या मालिकेचं नावच पोलिसांच्या फोन नंबरावरून होतं. खऱ्या पोलीस तपासांवर तिच्या गोष्टी बेतलेल्या असत. दिग्दर्शक बी. पी. सिंग हे मूळचे दूरदर्शनचे कॅमेरामन. तिच्यात काम करणारे शिवाजी साटम त्याआधी बँकेत कॅशियर होते. ही दोन नावं पुढे वीस वर्षं आमच्या घराचा पाठलाग करणार आहेत हे तेव्हा कुठे माहीत होतं! आम्हाला आवडायचं ते एवढंच, की त्यातले पोलीस आमच्याकडच्या माणसांसारखे दिसायचे. घामेजलेले, थकलेले, मराठी बोलणारे. सिनेमातले पोलीस सगळं संपल्यावर जीप घेऊन यायचे. हे आधी यायचे, बसायचे आणि प्रश्न विचारायचे. उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्यायचे.

त्या मालिकेपायी आम्ही एक गुन्हा केला, तो आज कबूल करायला हरकत नाही. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात काळा फोन होता, बोट घालून फिरवायचा. दुकानदार मालाची गोणी उतरवायला मागे गेला तशी आम्ही संधी साधली. एक फिरवला, लहानसा कर्र. मग शून्य, तो पार शेवटपर्यंत न्यायचा आणि सोडला की सावकाश परत येणार. मग पुन्हा शून्य. दोनदा घंटी वाजली आणि एका माणसाने उचलला. काय बोलला ते कळलंच नाही, पण आवाज खरा होता. आम्ही फोन टाकून पळालो. त्यानंतर तीन दिवस जीपचा आवाज आला की आम्ही चौघं गोदडीखाली. धाकटा तर दादींच्या मांडीत जाऊन बसायचा. जीप काही आली नाही. पण एक गोष्ट मनात पक्की बसली, की एक शून्य शून्य फिरवलं की पलीकडे कोणीतरी उचलतं.

मग "हॅलो इन्स्पेक्टर" आलं. रमेश भाटकर त्यात इन्स्पेक्टर. उंचपुरे, झुपकेदार मिशा, आवाजात दम. आमच्या गल्लीत दोन पोरांनी त्यांच्यासारखी मिशी ठेवली होती, पैकी एकाला तर धड फुटलीही नव्हती. पुढे कधीतरी कळलं की हे भाटकर म्हणजे संगीतकार स्नेहल भाटकरांचे चिरंजीव. भजनं आणि चाली यांत वाढलेल्या घरातला मुलगा महाराष्ट्राचा इन्स्पेक्टर झाला. ४ फेब्रुवारी २०१९ ला ते गेले तेव्हा बातमी सांगायला भाईजानचा फोन आला होता. आमच्या घरात नटाच्या मयतीची बातमी फोन करून सांगण्याची पद्धत नाही.

आपाची मालिका मात्र वेगळी. १९८९ मध्ये दूरदर्शनवर "उडान" आली, हिंदी. कल्याणी नावाची मुलगी धडपडत आयपीएस अधिकारी होते, अशी गोष्ट. कविता चौधरी यांनीच ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीचं कामही केलं. साबणाच्या पावडरीच्या जाहिरातीतल्या ललिताजी म्हणून त्यांना घराघरात ओळखत होते, त्याच ह्या. गोष्ट त्यांच्या सख्ख्या बहिणीची होती. कांचन चौधरी भट्टाचार्य किरण बेदींच्या मागोमाग आयपीएसमध्ये आल्या आणि २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. एवढ्या पदावर पोहोचलेल्या देशातल्या त्या पहिल्या बाई.

आपा तेव्हा नववीत. "उडान"च्या दिवशी ती मागे ताठ उभी राहून मालिका बघायची. खाली बसायचीच नाही. एकदा तिने अब्बांना विचारलं, "मुलीने पोलिसात जायला किती शिकावं लागतं?" अब्बांनी पेपरमधून मान वर केली नाही. म्हणाले, "खूप." दहावीनंतर दोन वर्षांत आपाचा निकाह झाला. नवरा चांगला मिळाला, सासर चांगलं मिळालं, अल्लाचा शुक्र. पण अब्बांनी मान वर केली नाही ही गोष्ट आपा अजून सांगते, आणि हसत सांगते, हे आम्हाला जास्त लागतं.

२१ जानेवारी १९९८ ला सोनीवर "सीआयडी" सुरू झाली. तोपर्यंत केबल आली होती, रंगीत टीव्ही आला होता आणि दादी गेल्या होत्या. त्यांच्या अटी तेवढ्या राहिल्या. अम्मीने त्या जशाच्या तशा चालू ठेवल्या. पहिल्या भागाला पाटीवर बी. पी. सिंग हे नाव दिसलं आणि पडद्यावर शिवाजी साटम आले, तेव्हा भाईजान म्हणाले, "अरे, हे तर आपले एक शून्य शून्यवाले!" एसीपी प्रद्युम्न, अभिजीत, दया, लॅबमधले डॉक्टर साळुंखे, पुढे आलेला भित्रा, भोळा फ्रेडी. आणि ती धून. सुरुवातीलाच छातीत ठोका पडावा अशी, मग धावत सुटणारी, जणू कोणीतरी जिना चढून वर येतंय.

ही मालिका वीस वर्षं चालली. २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबली तेव्हा १५४७ भाग झाले होते. २००४ मध्ये तर त्यांनी १११ मिनिटांचा एक आख्खा भाग एकाच सलग शॉटमध्ये, कुठेही न तोडता, चित्रित केला आणि त्याचा विक्रम नोंदला गेला. पण विक्रमाचं आम्हाला फारसं नाही. आमच्यासाठी सीआयडी म्हणजे शुक्रवार. जुम्म्याचा दिवस, दुपारची उरलेली बिर्याणी रात्री तव्यावर परतलेली, आणि दहा वाजता ती धून. गोष्टी कित्येकदा अगदीच कच्च्या असत. खुनी कोण ते अम्मी पंधरा मिनिटांत सांगायची. फॉरेन्सिकचा रिपोर्ट चहा उकळायच्या आत यायचा. तरी बघायचो. एसीपी हात फिरवत संशय बोलून दाखवणार, दया दार तोडणार, हे ठरलेलं होतं, आणि ठरलेलं होतं म्हणूनच बघायचो. दिवसभर जे काही ठरल्यासारखं होत नाही, त्यावर तो उतारा होता.

धाकट्याने तोवर बाजारपेठेत मोबाइलचं दुकान टाकलं होतं. रिचार्ज, सिमकार्ड, रिपेअरिंग, आणि त्या काळातला मोठा धंदा म्हणजे मेमरी कार्डात गाणी आणि रिंगटोन भरून देणं. आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण माणसं रिंगटोनसाठी रांग लावत. नात, कव्वाली, सिनेमाची गाणी, लहान बाळाचं हसणं आणि सीआयडी. सीआयडीला सगळ्यांत जास्त मागणी. रिक्षावाले, कॉलेजची पोरं, एक भाजीवाली मावशी. धाकट्याच्या स्वतःच्या फोनवरही तीच.

या पोराला असल्या धुनांचा नादच लागला होता. इंटरनेटवरून देशोदेशीच्या पोलीस मालिकांच्या धुना उतरवून आम्हाला ऐकवायचा. अमेरिकेत "ड्रॅगनेट" नावाची मालिका होती, १९४९ पासून रेडिओवर आणि १९५१ पासून टीव्हीवर. तिची सुरुवात चार सुरांची. नुसते चार ठोके, आणि सगळ्या अमेरिकेला कळायचं की पोलीस आले. वॉल्टर शूमान यांनी ते संगीत दिलं होतं. पण १९४६ च्या "द किलर्स" या चित्रपटात मिक्लोश रोझा यांच्या संगीतात तसेच सूर होते, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी श्रेय दोघांच्या नावे लागलं. धाकटा हे सांगताना हसून हसून पडायचा. "चार सुरांसाठी केस! पोलिसांच्याच मालिकेवर केस!" त्या मालिकेतही सुरुवातीला सांगत, की गोष्ट खरी आहे, नावं तेवढी बदलली आहेत. आमच्या एक शून्य शून्यच्या कितीतरी आधी हा विचार तिकडे कोणाला सुचला होता.

दुसरी त्याची लाडकी "हवाई फाइव्ह-ओ", १९६८ ची. मॉर्टन स्टीव्हन्स यांची धून, ढोल आणि तुतऱ्यांची, समुद्राच्या लाटेसारखी अंगावर येणारी. व्हेंचर्स नावाच्या वाद्यवृंदाने ती वाजवली आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत ती चौथ्या नंबरापर्यंत गेली. २०१० मध्ये ही मालिका नव्या नटांना घेऊन पुन्हा आली. माणसं बदलली, गाड्या बदलल्या, धून मात्र जुनीच ठेवली. लोकांनी दुसरी ऐकूनच घेतली नसती.

हे सगळं २०१० चं धाकट्याने आम्हाला सांगितलं नाही. आमचं आम्हीच वाचलं. कारण तोपर्यंत त्याने धुनांचा नाद सोडला होता.

त्या रात्रीचं लिहायला आम्ही भावंडांनी बराच वेळ घेतला. शुक्रवार होता. भाईजानची मुलं, अम्मी, अब्बा, आम्ही सगळे सीआयडी बघत बसलो होतो. भाग अर्ध्यावर आला असेल. दार वाजलं. भाईजानचा धाकटा मुलगा, आठ वर्षांचा, ओरडला, "दया आला! दार तोडणार!" आम्ही मोठ्याने हसलो. अब्बांनी उठून कडी काढली. बाहेर दोघं साध्या कपड्यांतले आणि एक वर्दीतला. कोणी दार तोडलं नाही. उलट एकाने चपला बाहेर काढू का म्हणून विचारलं. "मोबाइलचं दुकान तुमचंच ना चाचा? मुलगा कुठाय? साहेबांनी बोलावलंय. दहा मिनिटांचं काम आहे."

धाकट्याने अंगावरचा गंजीफ्रॉक झाकायला शर्ट चढवला. बटणं चुकीची लावली. अब्बा म्हणाले, "मी येऊ बरोबर?" ते म्हणाले, "नको, तुम्ही झोपा." गेले.

टीव्ही कोणी बंद केला नाही. आम्ही सगळे उभे होतो आणि पडद्यावर तपास चालू होता. त्यांना खुनी सापडला तेव्हा धाकट्याला जाऊन पंचवीस मिनिटं झाली होती. मग शेवटी पुन्हा ती धून वाजली आणि तेव्हा भाईजानने उठून बटण दाबलं.

दहा मिनिटं कधी संपली नाहीत. अब्बा आणि भाईजान ठाण्याबाहेरच्या झाडाखाली बाकावर बसून राहिले. आत सोडलं नाही, का आणलंय ते सांगितलं नाही. घरी अम्मी जानमाजवर बसली आणि नफिल पढून झाली की फोन हातात घ्यायची. आम्हाला नंतर धाकट्याने सांगितलं. त्याचा फोन, पाकीट आणि पट्टा काढून एका टेबलावर ठेवला होता. पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा सीआयडीची धून ठाण्यात घुमली आणि खोलीतले सगळे हसले. "अरे, हा तर आपलाच माणूस निघाला!" दुसऱ्यांदा वाजला तेव्हा दोघं हसले. नंतर कोणी हसलं नाही. साहेब चिडून म्हणाले, "बंद करा तो तमाशा." फोनला हात लावायची धाकट्याला परवानगी नव्हती, आणि दुसऱ्या कोणी लावला नाही. धून पूर्ण वाजायची, थांबायची, पाच मिनिटांनी पुन्हा. तो म्हणाला, मला वाटत होतं अम्मीने फोन करू नये, आणि वाटत होतं करत राहावा.

पहाटे साडेतीनच्या सुमाराला एका वयस्कर हवालदाराने उठून फोन उचलला. अम्मीला तो संवाद शब्द न शब्द पाठ आहे. "मावशी, मी ठाण्यातून बोलतोय. पोरगा माझ्यासमोर बसलाय. चहा-पाव दिलाय. कोणी हात लावलेला नाही. आता फोन करू नका. सकाळी दुकानातली सिमकार्डाची वही आणि झेरॉक्सची फाईल घेऊन वडिलांना पाठवा. रडू नका."

एवढंच. पण वही आणि फाईल हे शब्द घरातल्या कोणाला सुचले नव्हते, आणि झाडाखाली बसलेल्या अब्बांना कोणी सांगितले नव्हते. भाईजानने फजर होताच दुकान उघडलं. चार महिन्यांपूर्वी विकलेल्या एका सिमचा प्रश्न होता. तो नंबर दुसऱ्या कुठल्याशा गुन्ह्यात सापडला होता. धाकट्याने गिऱ्हाइकाचा फोटो, सही, ओळखपत्राची झेरॉक्स, सगळं तारखेनिशी लावून ठेवलेलं होतं. शनिवारी असरच्या वेळेला त्याला सोडलं. "जा, लागलं तर बोलावू." माफी वगैरे कोणी मागितली नाही. फाईल तिथेच राहिली आणि पुढे वर्षभर, जीपचा आवाज आला की तो दुकानात मान खाली घालून स्क्रू शोधत बसायचा. लहानपणी दादींच्या मांडीत लपायचा तसा. आता मांडी नव्हती.

आम्ही हे कोणावर राग म्हणून लिहीत नाही. गुन्हा खरा होता, तपास करायलाच हवा होता, आणि सिम विकणाऱ्याकडे चौकशी होणारच. रात्री साडेदहाला का, घरच्यांना एक ओळ सांगायला काय हरकत होती, हे मात्र आम्ही अजून विचारतो. मालिकेतले पोलीस समोरच्याला प्रश्न विचारतात. त्या रात्री आमच्या घरात प्रश्न फक्त आमच्याकडे होते.

त्यानंतर बाजारात काहींनी दुकानाकडे पाठ फिरवली. जोशीकाकू तेव्हा थकल्या होत्या, तरी सोमवारी सकाळी काठी टेकत दुकानात गेल्या आणि गरज नसताना दोनशेचं रिचार्ज मारून आल्या. आमच्याच बिरादरीतल्या दोघांनी मात्र महिनाभर सलाम घेतला नाही. हेही लिहायला हवं.

धाकट्याने फोनला कंपनीची साधी घंटी लावली. दुकानातल्या कॉम्प्युटरमधून सीआयडीची फाईल काढून टाकली. कोणी मागितली की म्हणायचा, "नाही." अब्बांनी शुक्रवारचा टीव्ही सोडला. पण अम्मी बघत राहिली, एकटी, आवाज कमी करून. आम्ही एकदा चिडून म्हणालो, "अम्मी, तुला बघवतं कसं?" ती म्हणाली, "यात शेवटी खरा माणूस सापडतो. आणि मग मी त्याच्यासाठी दुआ करते." कोणासाठी? "तो फोन उचलणारा." त्याचं नाव आम्हाला माहीत नाही. छातीवरची पट्टी वाचायची धाकट्याची हिंमत झाली नव्हती.

त्याच सुमाराला आम्हाला एक वाईट सवय लागली. मालिकेत नावं मोजायची. चौकशीला कोणाला बोलावतात, कोणाच्या नावाचा अधिकारी असतो. सीआयडीत फ्रेडी होता, सगळ्यांचा लाडका. आमच्या नावाचा कोणी त्या मुख्य माणसांत आमच्या आठवणीत तरी नाही. १९९९ मध्ये "सरफरोश" चित्रपटात मुकेश ऋषींनी इन्स्पेक्टर सलीम केला होता, आपल्यावर विश्वास ठेवला जात नाही म्हणून आतून दुखावलेला. अब्बा एरवी सिनेमा बघत नसत, तो मात्र दोनदा बघितला. मोजायची सवय सुटली ती आपाने झापल्यावर. "मोजून काय होतं? कोणी गेल्याशिवाय दिसणार कसं?" म्हणाली. आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतेय.

ती तिच्या मुलीबद्दल बोलत होती.

आमची भाची बी.ए. झाली आणि पोलीस भरतीचा फॉर्म भरला. वर्षभर तालुक्याच्या मैदानावर जाते. मुलींना आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक, असे मिळून पन्नास मार्क मैदानाचे. लेखी त्यानंतर, शंभर मार्कांची. सकाळी ट्रॅकपँट आणि डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ. सुरुवातीला गल्लीत कुजबुज झाली, मग तिची वेळ सुधारली तशी कुजबुजही कमी झाली. तयारीसाठी ती नानीकडे, म्हणजे आमच्या घरी, राहायला आली, कारण मैदान इथून जवळ. अब्बा आता ऐंशीच्या पुढे आहेत. तिने फॉर्मवर नाव लिहून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दोन वेळा वाचला आणि आपाकडे बघितलं. बोलले काही नाहीत.

धाकटा मात्र बोलायचाच बंद झाला. जेवायला वेगळा बसायला लागला. एका रात्री त्याने तिला विचारलंच, "रात्री कोणाच्या दारात जाशील? कोणाच्या पोराला उचलून आणशील?" घर गप्प झालं. ती पोरगी घाबरली नाही. म्हणाली, "मामू, तिथे फोन उचलायला तरी कोणी हवं ना?" ही गोष्ट तिला नानीने सांगितली असणार. धाकटा उठून गच्चीवर गेला.

डिसेंबर २०२४ मध्ये सीआयडी परत सुरू झाली. तेच एसीपी, तोच दया, तोच अभिजीत. सगळ्यांचे केस पिकलेले, आमच्यासारखेच. फ्रेडी नाही. ते काम करणारे दिनेश फडणीस २०२३ च्या डिसेंबरात गेले. भाची मोबाइलवर बघते. अम्मी तिच्या खांद्यावरून डोकावते आणि धून सुरू झाली की पोरगी बोटाने ती पुढे ढकलते. आता तसं बटणच असतं, सुरुवात वगळायचं. अम्मी चिडते. "अगं वाजू दे ती, त्याशिवाय सुरू झाल्यासारखं वाटत नाही." पोरगी म्हणते, "नानी, सुरू तर झालंय." पूर्वी धून वाजली की दार उघडून माणसं आत यायची. आता बघणारा एकच आणि तो आधीच कानात घालून बसलेला. बोलवायचं कोणाला? पोलिसांचा नंबरही आता एकशे बारा झालाय. शून्य पूर्ण फिरवून सोडून देण्यातली ती वाट बघणं गेली.

भरतीच्या मैदानी चाचणीचा दिवस आला. जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळी सहाला हजर राहायचं होतं. भाईजान नेणार होते, पण त्यांना आदल्या दिवसापासून ताप. रिक्षा सांगून ठेवली होती, तरी एवढ्या पहाटे येईल की नाही याची खात्री नव्हती. अम्मीने रात्री खजूर, उकडलेली अंडी आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून ठेवली.

पहाटे साडेतीनला आमचं घर धडपडून जागं झालं. अंधारात सीआयडीची धून वाजत होती, मोठ्या आवाजात, पूर्ण. पोरीने गजराला ती लावली होती आणि फोन उशीखाली ठेवून स्वतः ढाराढूर. अम्मी दुसऱ्या खोलीतून ओरडली, "अगं बंद कर, अजून अजान झाली नाही!" आपा आदल्या रात्रीच आली होती, ती अंधारात फोन शोधत होती. आम्ही मात्र धाकट्याच्या खोलीच्या दाराकडे बघत होतो. त्या रात्रीनंतर आमच्या घरात ही धून एवढ्या मोठ्याने वाजली नव्हती, आणि तीही नेमकी साडेतीनला.

दार उघडलं. धाकटा बाहेर आला. शर्टाची बटणं लावत होता. खुंटीवरून मोटारसायकलची किल्ली काढली आणि भाचीच्या खोलीच्या दारावर दोनदा टकटक केली.

"ऊठ," म्हणाला. "रिक्षाची वाट बघू नको. आणि स्वेटर घाल, खाडीवर गारठा असेल."